आण्णांच्या बैठकीतली हवा

एसीची जाळी संयोगिताने आदल्या दुपारीच धुतली होती. साबणाच्या पाण्यात बुडवून, मऊ ब्रशने घासून, सावलीत वाळवून परत बसवली होती. सकाळी सहज म्हणून उघडून पाहिली, तर जाळीला तंबाखूची चुरी चिकटलेली. म्हणजे काल रात्रीच्या जेवणाआधी कुणीतरी इथे, या खोलीत, तळहातावर तंबाखू मळून वर दोन थापा मारल्या होत्या, फक्की उडाली होती आणि एसीने ती इमानेइतबारे ओढून घेतली होती. जाळी हातात धरून ती स्टुलावर बसली. रडावं की ओरडावं, हे ठरवण्याइतकंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

खोलीत चारी बाजूंनी मांडण्या होत्या, मांडण्यांवर लाकडी ट्रे, आणि ट्रेमध्ये दाटीवाटीने बसलेले केशराचे कंद. दिसायला छोट्या कांद्यासारखे. माती नाही, पाणी घालायचं नाही; त्यांना हवा होता फक्त गारवा, ओलसरपणा आणि स्वच्छ हवा. काश्मीरची हवा कळंब्यात आणायची म्हणजे काय खायचं काम नाही. त्यात ऑक्टोबरचं ऊन असं, की अंगणातल्या कुत्र्याने पाण्याच्या टाकीखाली मुक्काम हलवलेला.

गेल्या वर्षी सगळं पीक हातचं गेलं होतं. एसीतलं पाणी बाहेर नेणारी नळी तुंबली, आतल्या पंख्यावर काळी बुरशी धरली आणि एसी बिचारा तीच बुरशी थंड करून कंदांवर फवारत बसला. दिवाळीपर्यंत एकूण एक कंद हिरवा पडून सडला. तेव्हा नवऱ्याने, राजवर्धनने, आवाज न चढवता सांगितलं होतं, "अजून एक वर्ष बघू. या खेपेलाही सडलं, तर खोली आण्णांना परत द्यायची." हे त्याने ओरडून सांगितलं असतं तर तिला भांडता आलं असतं. तो हळू बोलला, आणि त्याचं बरोबरच होतं.

कारण खोली आण्णांची होती. आण्णा म्हणजे तिचे सासरे. गावच्या दूध संस्थेचे सेक्रेटरी म्हणून त्यांनी उभा जन्म काढला आणि तो सगळा जन्म याच बैठकीच्या खोलीत, माणसांच्या गराड्यात गेला. सुनेने केशराचं नाव काढलं तेव्हा "घे की" एवढंच म्हणून त्यांनी लोड-तक्के माळ्यावर टाकले. खोली दिली. पण माणसांना 'येऊ नका' म्हणून काही कुणी सांगितलं नाही. ती येतच राहिली. आणि आता तर खोलीत एसी! 'आण्णांच्याकडं थंडी हाय' ही बातमी कळंब्यापासून कागलपर्यंत पोचलेली.

संयोगिताने काय करायचं बाकी ठेवलं होतं? दारावर पाटी लावली, 'परवानगीशिवाय आत येऊ नये'. आण्णा प्रत्येकाला तोंड भरून परवानगी देत. दाराशी ट्रेमध्ये लाल औषधाचं पाणी ठेवलं, पाय बुडवून जंतू मरावेत म्हणून. पावणे खूश! हल्ली पाय धुवायला पाणी कोण देतं? "सून लई गुणाची हाय आण्णा," म्हणत ते पाय धूत, आणि मग धुळीने भरलेल्या धोतराच्या सोग्याने पुसत. पांढरे कोट आणून टांगले, तर ते घालून मांडणीशेजारी उभं राहून फोटो काढायची टूम निघाली. शेवटी कुलूप घातलं. आण्णांनी चावी कुठे असते ते दोन दिवसांत शोधून काढलं.

"आण्णा, आत बुरशी येते हो," ती सांगे.

"कुटं? मला तर काय दिसत न्हाय."

"डोळ्यांना दिसत नाही. हवेत असते. माणसाच्या कपड्यांवरनं येते, पायांवरनं येते."

"मग काय पावण्याला दारातनं माघारी धाडू? ह्या घरात?" आणि ते असे बघत, जणू सुनेने घरच विकायला काढलंय.

त्या आठवड्यात कंदांना कोंब फुटले. पांढरे, टोकदार, बोटाच्या पेराएवढे. त्याच आठवड्यात कोपऱ्यातल्या खालच्या ट्रेमध्ये तिला करड्या रंगाची लव दिसली. तिने तो ट्रे तसाच्या तसा बाहेर नेला, मांडणी औषधाने पुसली, एसीचा आतला पंखा कापसाने पातं न् पातं साफ केला, नळीत फुंकर मारून पाणी वाहतंय ना ते पाहिलं. शेजारचे ट्रे स्वच्छ होते. अजून वेळ गेलेली नव्हती. आता काही दिवस या खोलीत वाऱ्यालासुद्धा विचारून आत यावं लागणार होतं.

आणि दुसऱ्या दिवशी ती मुलीच्या, अनुजाच्या, शाळेत पालकसभेला जाऊन आली, तर खोलीचं दार सताड उघडं! मिटू नये म्हणून त्याला वीट लावलेली. आत कागलचे कृष्णात पावणे आणि त्यांचे दोन सोबती स्टुलांवर बसलेले, मधल्या टेबलावर भडंगाची परात, हातात चहाचे कप. भडंगातला शेंगदाणा एका ट्रेमध्ये, कोंबाशेजारी जाऊन बसलेला. आण्णा उत्साहाने सांगत होते, "ह्ये बगा, ह्येच्यातनं केशर येतंय! काश्मीर कशाला जाताय?"

"आणि दार का उघडं ठेवलंय?" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"चहाची वाफ कोंडंल म्हटलं," आण्णा म्हणाले. "तुजं ते वल्ली हवा, कोरडी हवा असतंय न्हवं. काळजी घेतली की!"

मग तिचा तोल गेला. दोन वर्षं पोटात साठलेलं सगळं बाहेर आलं. "ही बैठक नाही आण्णा! किती वेळा सांगायचं? तुमच्या पावण्यांच्या पायांना घाण, कपड्यांना घाण, त्यांच्या श्वासानंसुद्धा माझी हवा घाण होते! उठा, सगळे बाहेर व्हा!"

कृष्णात पावण्यांनी कप खाली ठेवला. अर्धा चहा तसाच होता. कोल्हापूरकडच्या घरातून पावणा अर्धा चहा टाकून उठला म्हणजे काय झालं, हे ज्याला कळत नाही त्याला समजावून सांगण्यात अर्थ नाही. तिघं चपला घालून गेले. आण्णाही बाहेर गेले. जाताना त्यांनी वीट उचलली आणि दार हळूच लावून घेतलं.

संयोगिता भडंग वेचत राहिली. आपण बोललो ते खरं होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आपण बोलायला नको होतं, हेही तेवढंच पक्कं ठाऊक होतं. आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असल्याचा तिला आणखीच राग येत होता.

आण्णा रात्री जेवले नाहीत. सकाळी त्यांनी प्लॅस्टिकची खुर्ची ओढत नेऊन त्या खोलीच्या दाराबाहेर ठेवली आणि तीत बसले. तिकडे दुपारपर्यंत ऊन असतं. "आण्णा, सावलीत तरी बसा," ती म्हणाली. आण्णांनी डोक्यावर टॉवेल घेतला. आता हे एक नवीन, म्हणत ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

थोड्या वेळाने बाहेर चपला वाजल्या. कुणीतरी नेहमीसारखं मोठ्याने म्हणालं, "काय आण्णा, उनात? चला की आत, गारव्याला."

संयोगिताने ट्रे खाली ठेवला आणि दाराकडे निघाली. तेवढ्यात आण्णांचा आवाज आला, "आत न्हाय जायाचं."

"का वो?"

"आत बाळंतीण हाय."

मग तो गडी, ज्याचा आवाज चार घरं पलीकडे जायचा, कुजबुजत म्हणाला, "आसं व्हय? मग न्हाय, न्हाय. आमी भाईरनं आलोय, धुळीचं." आणि दोन पावलं मागे सरकल्याचंही तिला ऐकू आलं. कुणी न सांगता त्याने अंगणातल्या नळावर हातपाय धुतले आणि भिंतीच्या कडेला सावली शोधून बसला.

संयोगिता दाराआड उभी होती. दोन वर्षं! जंतू म्हणून झालं, बुरशी म्हणून झालं, पाटी लावली, कुलूप लावलं, घसा कोरडा केला. आणि म्हाताऱ्याने एक शब्द टाकला, की काम झालं! हा शब्द गेल्या वर्षीच टाकायला काय झालं होतं?

पावणा गेल्यावर ती बाहेर आली. "आण्णा, बाळंतीण?"

आण्णा तिच्याकडे न बघता म्हणाले, "काल तू म्हनलीस, माज्या मानसांचा श्वास घाण हाय. लागलं मला ते."

ती उंबऱ्यावर टेकली.

"रातभर डोळ्याला डोळा न्हाय. मग आठवलं, अनुजा झाली तवा तुज्या सासूनं मला सव्वा म्हैना बाळंतिणीच्या खोलीत पाय ठिवू दिला न्हवता. दारातनंच बगत हुतो. तवा काय माजा श्वास घाण हुता व्हय? न्हाय. बाळाला सोसत न्हवता, एवढंच." त्यांनी खुर्ची जरा सरकवली. "कोंब फुटल्यात म्हनतीस न्हवं? मग बाळंतीणच की. कुनी आत जायाचं न्हाय. मी हाय हितं."

त्या दिवसापासून खरोखरच कुणी आत आलं नाही. जाळी दुसऱ्या दिवशी काढली तर जवळजवळ कोरी. कोपऱ्यात पुन्हा लव दिसली नाही. संयोगिताला दोन वर्षांत पहिल्यांदा नीट झोप लागली. पण सुख म्हणून नशिबात नाही. शब्द कळंब्यात राहील तर तो शब्द कसला? तो एसटीत बसून पन्हाळ्याकडे निघाला आणि कोडोलीत उतरला.

कोडोलीहून आण्णांची थोरली बहीण, आक्का, डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन रिक्षातून उतरली. संयोगिता नेमकी तेव्हाच खोलीतून बाहेर येत होती, अंगात पांढरा कोट, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क.

"आगं बया! उठून कशाला आलीस गं?" आक्का ओरडली. "वारं लागंल की! आणि अनुजाच्या पाठीवर इतक्या वर्सांनी? पोरगी नववीला गेली! मला कुनी कळवलं सुदीक न्हाय. मीच आलो आपला धडपडत."

"आक्का, अहो, केशर..."

"नावबी ठेवलंस? केशर? बरं हाय. पोरगी झाली म्हन की!"

संयोगिताने कपाळावर हात मारला. आण्णा खुर्चीत तोंडावर टॉवेल धरून हसून गदगदत होते. समजावून सांगायला अर्धा तास गेला, आणि सगळं समजल्यावर आक्का म्हणाली, "मग लाडू काय माघारी नेऊ? खा. राबतीस तर हाईसच." आणि मग बाहेरूनच, आत न डोकावता, तिने बंद दारावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली.

फूल आलं ते एका सकाळी. संयोगिता नेहमीसारखी आत गेली आणि समोरच्या ट्रेमध्ये जांभळ्या पाकळ्या उघडलेल्या. मधोमध तीन लाल तंतू. ती बघतच राहिली. मग कोट भिरकावून अनवाणीच पळत सुटली, अंगण ओलांडून, गोठ्यामागून, राजवर्धनला हाका मारत. तो मोटारसायकल काढून केव्हाच गेलेला. ती तशीच पळत परत आली आणि दाराच्या कडीला हात घालणार, तोच आडवी काठी आली.

"पाय," आण्णा म्हणाले.

"आण्णा, फूल आलंय आत! पहिलं!"

"आलं आसंल. गोठ्याकडनं आलीस. पाय धू."

तिला इतकी चीड आली! स्वतःचाच नियम, स्वतःच्याच दारात. तिने धुमसत नळावर पाय धुतले, लाल पाण्यात बुडवले, दुसरा कोट घातला. मग वळून तिने आणखी एक कोट खुंटीवरून काढला आणि आण्णांपुढे धरला.

"चला."

"मी कशाला?"

"चला म्हणते ना आण्णा."

आण्णा उठले. खिशातली तंबाखूची पिशवी काढून खुर्चीवर ठेवली. पाय धुतले ते असे, की तिला शेवटी "पुरे हो" म्हणावं लागलं. कोट घातला, मास्क चढवला. आपल्याच बैठकीत ते चोरासारखे शिरले, हात पाठीमागे बांधून, कशाला धक्का लागू नये म्हणून. तिने फूल दाखवलं. आण्णा कमरेत वाकून बघत राहिले. बराच वेळ बघत राहिले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला, मास्कच्या वर डोळे मोठे झाले, कपाळावरची शीर फुगली. संयोगिता घाबरली.

"आण्णा! काय होतंय? श्वास घ्या की!"

आण्णांनी मान हलवली, बोटाने फूल दाखवलं, मग दाराकडे बोट केलं, आणि झपाझपा बाहेर पडले. अंगणाच्या मधोमध, उन्हात जाऊन त्यांनी मास्क खाली ओढला आणि भाता सोडावा तसा श्वास सोडला.

"घेतला की," ते धापा टाकत म्हणाले. "भाईर आल्यावर."

संयोगिता दारात उभी होती. आतली गार हवा पायांवरून बाहेर चालली होती, आणि दार लावायचं तिला सुचलं नाही.