इक्राममधला अलिफ

मदाम इनायातच्या खिडकीशी उभा असलेला म्हातारा कॉम्प्युटरच्या मते बाई होता.

इजिप्तमधल्या मिन्या शहराच्या त्या सरकारी दवाखान्यात सव्वीस वर्षं केसपेपर सांभाळल्यावर मदामने आश्चर्य करणं सोडून दिलं होतं. तिने एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा म्हाताऱ्याच्या मिशीकडे, आणि मिशीवर विश्वास ठेवला.

"इक्राम बद्री. लिंग, स्त्री. खाट बायकांच्या वॉर्डात," तिने वाचून दाखवलं. "आणि प्रोस्टेटचं ऑपरेशन नामंजूर. बाईला प्रोस्टेट नसते म्हणतोय."

"त्याचं बरोबर आहे," उस्ता इक्राम म्हणाला.

उस्ता म्हणजे कारागीर; हा पावाच्या भट्ट्या बांधायचा. गेले दोन महिने लघवीची नळी लावून, पिशवी गलबियाच्या, त्या पायघोळ झग्याच्या, घोळात लपवून हिंडत होता. ऑपरेशन करणारे डॉक्टर कैरोहून महिन्यातून एकदाच येत, आणि ते उद्या येणार होते.

"मुलाला बायकी नाव कुणी ठेवलं?"

"आईने. माझ्याआधी तीन मुलगे गेले, नजर लागून. चौथाही मुलगाच झालाय हे कुणाला कळायला नको म्हणाली. पाच वर्षांचा होईपर्यंत वेणी होती मला."

"आणि फसला कोण? कॉम्प्युटर."

"नजरसुद्धा फसली, मदाम. त्रेसष्ट वर्षं."

नव्या कॉम्प्युटरमध्ये नाव भरलं की लिंग आपोआप पडे. ते बदलायला तीन डॉक्टरांची समिती लागे. त्यातले एक निवृत्त झाले होते, एक कुवेतला गेले होते आणि उरलेले एकटे बैठक भरवू शकत नव्हते. शिवाय अर्जात 'चूक' असा रकानाच नव्हता, 'बदल' होता.

"आपण पुरुष केव्हापासून आहात, असं विचारलंय," मदाम म्हणाली.

"लग्नाच्या रात्रीपासून लिहा," उस्ताची बायको, उम्म वहीद, मागून म्हणाली. "त्याआधीचं मला माहीत नाही."

मदामने चष्मा काढून डोळे चोळले. नावातलं अक्षर चुकलं असेल तर ते मात्र तिला एकटीला सुधारता येत असे.

"उस्ता, मधलं एक अक्षर, अलिफ, गाळते. मग इक्रामचं अक्रम वाचलं जाईल. अक्रम म्हटलं की कॉम्प्युटर तुम्हाला लगेच पुरुष करेल. घरी जाताना परत बाई करून देते."

उस्ताने गलबियाचा घोळ पिशवीवर ओढून घेतला. मागची रांग कुरकुरायला लागली.

"म्हणजे जन्मभर झाकून ठेवलं, आणि उद्या कापणार, तर आज पांघरूण काढायचं?" तो म्हणाला. "तिथे टेबलावर मला अक्रम म्हणून झोपवणार. ज्या नजरेला ऐकायचंय ती ऐकेलच की."

"मग राहू दे," उम्म वहीद म्हणाली. "आणखी महिनाभर नळी ठेवा. पिशवी काय, मी धुतेच आहे."

उस्ताने बायकोच्या हातांकडे पाहिलं.

"करा," तो मदामला म्हणाला, आईच्या पाठीमागे एखादी वस्तू विकून टाकावी तशा आवाजात.

मदामने अलिफ खोडला. समितीला जे वर्षभरात जमलं नसतं ते कॉम्प्युटरने डोळ्याचं पातं लवायच्या आत केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फायलींचा गठ्ठा घेऊन मदाम ऑपरेशनच्या खोलीवरून चालली होती, तेव्हा दारातला सेवक तिसऱ्यांदा ओरडत होता, "अक्रम बद्री." उस्ता समोरच्याच बाकावर, हिरवा झगा घालून, भिंतीकडे बघत बसला होता.

"उस्ता, तुम्हालाच बोलावतायत."

"माहितीये," तो ओठ न हलवता म्हणाला. "ओ दिली की नजरेला कळेल ना."

उम्म वहीदने कपाळाला हात लावला. आत डॉक्टर घाई करत होते. पुढचं नाव पुकारलं असतं तर उस्ताचा महिना गेलाच असता. मदाम आधीच दमलेली होती, आणि त्याला समजावायचं म्हणजे त्याच्या आईशी वाद घालायचा, तेवढा जीव तिच्यात उरला नव्हता. तिने सेवकाच्या हातातली फाइल घेतली, उस्ताच्या मनगटावरच्या पट्टीशी नंबर ताडून पाहिला आणि फाइल परत दिली.

"अक्रम काही आलेला दिसत नाही," ती मोठ्याने, सगळ्या बोळाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. "त्याच्या जागी या इक्रामबाईंना घ्या."

सेवकाने मिशीकडे पाहिलं, मग मदामकडे. त्याचीही नोकरी सरकारीच होती.

"चला, बाई," तो म्हणाला.

उस्ता उठला, झगा सावरला आणि त्याच्या मागोमाग आत गेला.