बाण नसलेली किल्ली

खाली सूत रंगवण्याचा कारखाना, वर घर, आणि दोन्हींच्या किल्ल्या सासूबाईंच्या कमरेला. जुडगा जिन्यात खुळखुळला की कामगारांच्या गप्पा आपोआप आटपायच्या. शाळेचं तोंड त्यांनी जेमतेम पाहिलेलं. पण रंग कालवावा तर त्यांनीच. ती विद्या त्यांनी एकट्या सुनेला दिली होती. पोटच्या मुलालाही नाही.

सून यंदा राहून गेलेली परीक्षा द्यायला बसली होती. दुपारी टेबलावर बीजगणित मांडून ती पेन्सिल चावत होती.

"पेन्सिल पोटात गेली की गणित डोक्यात शिरतं वाटतं?" सासूबाई म्हणाल्या.

"फलन कळत नाही हो, आई. घरातलं उदाहरण द्या म्हणतात."

सासूबाईंनी जुडगा काढून टेबलावर आपटला. "हे घे घर."

सून हसली. तिने दोन गोल काढले. एकात किल्ल्या लिहिल्या, दुसऱ्यात कुलपं. "आता किल्लीपासून तिच्या कुलपाकडे बाण काढायचा. बाण कसेही गेले तरी तो संबंध. पण प्रत्येक किल्लीला बाण हवा, आणि एकच हवा. तरच ते फलन."

"कपाटाच्या तर दोन किल्ल्या आहेत."

"चालतं. दोघींचे बाण एकाच कुलपावर आले तरी चालतं."

"आणि एकीनेच दोन कुलपं उघडली तर?"

"मग फलन नाही."

"मग ती चोराची!" सासूबाई खूश झाल्या. "अगं, एवढंच होय? आणि लोक उगाच या पुस्तकाला घाबरतात."

भराभर बाण निघाले. दार, कपाट, गच्ची, गोदाम. उरली ती पितळी, रंगखोलीची. तिथे सुनेची पेन्सिल अडली.

"काढ की."

"राहू द्या, आई. एवढ्यात झालं उदाहरण."

"झालं कसं? आत्ताच म्हणालीस ना, प्रत्येक किल्लीला बाण हवा?"

सून मान वर करेना. सासूबाईंनी जुडगा उचलला आणि तडक जिना उतरल्या.

रंगखोलीला कोरं करकरीत कुलूप होतं. पितळी किल्ली आत शिरेसुद्धा ना. मुलगा मागे येऊन उभा राहिला.

"आई, ऐकून तरी घे. निळ्या सुताला डाग पडले, गिऱ्हाईकाने माल परत पाठवला. तुझा हात थरथरतो हल्ली. यापुढे ती कालवेल. किल्ली तिच्याकडे दिलीय."

कामगार वाफेत माना खाली घालून उभे. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं.

हात थरथरतो हे एकाच माणसाने पाहिलं होतं. कालवताना भांडं हिंदकळलं तेव्हा सुनेनेच त्यांचं मनगट धरलं होतं. आणि नवरा गेला तेव्हाही ज्यांनी कुणापुढे पदर पसरला नाही, त्या सासूबाई तिला म्हणाल्या होत्या, "कुणाला सांगू नकोस गं."

वर येताना त्यांनी जुडगा मुठीत आवळून धरला. वाजू दिला नाही.

"आई, मी तुमच्या भल्यासाठीच..."

"गणित अर्धवट ठेवायचं नाही. पहिल्या गोलात एक किल्ली राहिलीय. तुझ्या खिशातली. लिही."

सुनेचे कान लाल झाले. तिने नवी किल्ली लिहिली, तिचा बाण रंगखोलीकडे नेला. पितळी तेवढी तशीच राहिली, एका कडेला.

"आता हे फलन होत नाही," सून पुटपुटली. "हिला बाणच नाही. ही खोडली तर..." आणि तिने जीभ चावली.

"खोड ना. थांबलीस का? हात काय माझा थरथरतो, तुझा नाही."

सुनेने खोडरबर खाली ठेवलं. सासूबाईंनी जुडगा पुन्हा कमरेला अडकवला, पितळी किल्लीसकट.

"उत्तर लिही," त्या म्हणाल्या. "या घरात फलन होत नाही म्हणून लिही. आणि बरोबर आलं तर सांग मला. दुसरं काही सांगत नाहीस, निदान तेवढं तरी सांग."