विसण

श्यामकांत जपानात गेला तेव्हा रुक्मिणीबाईंनी अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले होते. कोबे बंदरात बोटींच्या इंजिनांचं काम, तिथलीच बायको आणि काही वर्षांनी, पोटाच्या दुखण्याने, तिथलंच मरण. मयत काही बोरीवलीला आलं नाही. आल्या त्या अस्थी, आणि त्या घेऊन आलेली सून, फुमिए.

अस्थी गोराईच्या खाडीत सोडून झाल्या, दिवस झाले, तरी रुक्मिणीबाईंच्या डोळ्यांत टिपूस नाही. एकच गोष्ट त्यांना खात होती: परक्या मुलखात पोराला शेवटची आंघोळ तरी घातली का कुणी? की तसाच उचलून भट्टीत सारला? शेजारची कुंदा समजूत घालायला आली आणि "तिकडे कुठलं आलंय आपल्यासारखं सगळं," असं म्हणून जखमेवर मीठ चोळून गेली. सुनेला विचारायचा धीर होईना. ती 'नाही' म्हणाली तर?

सून मात्र आंघोळीची मोठी भोक्ती. मराठी बोलायची ते श्यामकांतने शिकवलेलं, मोडकंतोडकं. तिच्या देशात आधी बाहेर बसून अंग घासून स्वच्छ करायचं, मग ऊन पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत बुडून राहायचं, आणि तेच पाणी घरातल्या पुढच्या माणसासाठी ठेवायचं. त्या हौदाला ती 'ओफुरो' म्हणे. बोरीवलीत कुठला आलाय हौद! बादलीभर पाण्याने न्हाऊन आली तरी दारात वाकून म्हणायची, "ई ओयु देश्ता." म्हणजे, पाणी फार छान होतं. "पाणी महापालिकेचं, त्यात माझं काय कौतुक?" रुक्मिणीबाई फणकारत, पण दुसऱ्या दिवशी पातेलं जरा जास्तच तापवत.

श्यामकांतचा वाढदिवस आला त्या सकाळी त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. स्वतःच्या आंघोळीसाठी त्यांनी बादलीत नळाचं गार पाणी भरलं आणि त्यात ओतायला कढत पाण्याचं पातेलं उचललं. उफराटंच काम! आधी कढत घ्यायचं आणि वरून गार विसण घालायचं, हे कोकणातल्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. गारात कढत ओततात ते फक्त मयताच्या आंघोळीला.

फुमिए धावत आली आणि तिने त्यांचा हात धरला.

"आई, नको! असं नाही. असं... मेलेला माणूस."

रुक्मिणीबाई थबकल्या. "तुला कोणी सांगितलं गो?"

"आमच्याकडे पण. गार पहिलं, गरम नंतर. श्यामला मी असं केलं." तिने स्वतःच्या केसांवरून हात फिरवला. "मी. माझ्या हाताने. डोकं, पाठ, पाय."

पातेलं खाली ठेवताना पाणी हिंदकळून पायावर सांडलं, पण त्यांना पोळल्याचं कळलंही नाही. लहानपणी न्हाऊ घालायला घेतला की हा पोरगा रडून चाळ गोळा करायचा.

"साबण नाही ना गो गेला त्याच्या डोळ्यांत?"

फुमिएने आपला तळवा कपाळावर आडवा धरून दाखवला. "नाही, आई. मी असा हात धरला."

रुक्मिणीबाई मोरीच्या उंबऱ्यावर मटकन बसल्या, सुनेला जवळ ओढलं आणि पोर गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडल्या.