सेनेटरच्या जागी पडणारा घोडा

मी एक लंगडा, तांबूस घोडा आहे. बालमित्रांनो, तुमच्यापैकी कित्येकांनी मला पडद्यावर पाहिले आहे, पण दुसऱ्याच्या नावाने.

ऑरविल टॅकेट हे नाव त्या काळी कुणाला ठाऊक नव्हते? मूकपटांतला सर्वांत लाडका काउबॉय! दहा वर्षांत त्याने साठ चित्रपट केले. खरे तर तो ओहायोतल्या एका बेकरीवाल्याचा मुलगा. तिशीपर्यंत त्याने घोड्यावर मांड ठोकली नव्हती, पण जिद्दीने शिकला, आणि डोक्यावरची टोपी न पाडता मारामारी करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याच्या घोड्याचे नाव सेनेटर. कपाळावर पांढरा पट्टा, मागचा डावा पाय पांढरा. मुले त्याला पत्रे लिहीत. घोड्याला! आणि टॅकेट मुलाखतींत सांगे, "डोळे बांधून हजार घोड्यांत सोडा मला. सेनेटरला नुसत्या श्वासावरून ओळखीन."

माझा रंग सेनेटरसारखा, म्हणून मला चित्रीकरण चाले त्या न्यूहॉलच्या टेकड्यांवर आणले. रोज सकाळी फर्मीन हा मोतद्दार चुना कालवून माझ्या कपाळावर पट्टा ओढी, पाय रंगवी. मग टॅकेटसारखे कपडे घातलेला दुसराच स्वार माझ्यावर बसे. दरीवरून उडी आम्ही मारायची, जळत्या गोठ्यातून आम्ही धावायचे. सेनेटरने मान हलवायची आणि टॅकेटच्या हातचे सफरचंद खायचे. मला सगळे 'दुसरा' म्हणत. फक्त फर्मीन 'कानेलो' म्हणे, म्हणजे त्याच्या भाषेत दालचिनीच्या रंगाचा. टॅकेटने तर कधी माझ्याकडे वळूनही पाहिले नाही. का, मी काय केले होते त्याचे?

एक दिवस दिग्दर्शकाला स्वाराविना एकटाच धावणारा घोडा गोळी लागून कोसळताना हवा होता. माझ्या पुढच्या पायांना बारीक तार बांधली आणि तिचे दुसरे टोक खुंटाला.

"साहेब, जमीन दगडासारखी आहे. पाय जाईल त्याचा," फर्मीन म्हणाला.

"मग काय गादी घालू खाली? तू पट्टा नीट ओढ, आज चित्र जवळून घ्यायचंय," दिग्दर्शक म्हणाला.

मला काय कळणार! मी नेहमीसारखा जीव तोडून धावलो. तार संपली. गुडघा मोडल्याचा आवाज मला ऐकू आला आणि मी किंचाळलो.

टॅकेट त्या दिवशी वेळेआधीच आला होता. टोपी फेकून तो टेकडीवरून धावत सुटला. "सेनेटर! अरे, कुणी बांधली तार माझ्या घोड्याला?" धुळीत बसून त्याने माझे डोके मांडीवर घेतले. ढसाढसा रडला. "मी आहे रे राजा, मी आलोय. काही होऊ देणार नाही तुला."

सांगायला लाज वाटते, पण क्षणभर मी माझे दुखणे विसरलो. माझा श्वास त्याच्या तोंडावर येत होता.

मग त्याला आपला पांढरा झालेला तळवा दिसला.

"हात्तिच्या! हा तर दुसरा आहे." तो हसला, हात पँटला पुसला आणि माझे डोके खाली ठेवून उठला. "घाबरवलंत की रे मला!"

"कॅमेरा चालूच होता, ऑरविल! काय रडलास!" दिग्दर्शक ओरडला. "आणि याचं काय करायचं?"

"गोळी घाला बिचाऱ्याला," टोपी शोधत टॅकेट म्हणाला. तो दुष्ट नव्हता. म्हणूनच मला अधिक संताप येतो.

फर्मीन आडवा आला. "आधी मला घाला गोळी. आणि उद्यापासून चुना तुमचा तुम्हीच कालवा!"

त्याने मला गाडीत घालून घरी नेले. त्याच्या घेवड्याच्या वाफ्यांशेजारी माझा गुडघा वाकडाच जुळून आला.

तो चित्रपट फार गाजला. फर्मीन बघून आला आणि कुंपणाशी उभा राहून म्हणाला, "कानेलो, बायका रुमाल पिळत होत्या रे! तू पडलास, साहेब रडले, आणि लगेच सेनेटर ताडकन उठून उभा. टाळ्या थांबेनात." मूकपट तो, माझी किंकाळी कुणालाच ऐकू गेली नाही. तिथे पियानो वाजत होता.

पुढे बोलपट आले आणि टॅकेटचे काम थांबले. वर्तमानपत्रे हळहळली. मी अजून तीन पायांवर चरतो.

मित्रांनो, माझे एवढे ऐका. पडद्यावर घोडा कोसळला आणि दुसऱ्या क्षणी उठला, तर लगेच डोळे पुसू नका. टाळी वाजवण्याआधी मोठ्यांना विचारा, "उठला तो दिसला. पडला तो कुठे आहे?"