टर्बो कोणी जाळला?

मी एक जुनं इंजिन आहे, चार पिस्टनचं, पेट्रोलवर चालणारं. मित्रांनो, पिस्टन खाली गेला की जेवढी हवा आपसूक आत येई, तेवढ्यावर माझं भागायचं. सपाट रस्त्यावर मला कुणी नावं ठेवली नाहीत. पण मालकांचं घर टेकडीपलीकडे. चढ लागला की घरची मंडळी उतरून चालू लागत आणि बहुतेक वेळा माझ्या आधी माथ्यावर पोचत.

मालक म्हणजे अप्पा. कारखान्यात लेथवर आयुष्य काढलेले, कामाला अगदी चोख. त्यांचा एक शिरस्ता होता. टेकडीचा माथा आला की किल्ली फिरवून मला बंद करायचं आणि गाडी उतारावरून तशीच फाटकापर्यंत घरंगळत न्यायची. पेट्रोलचा एक थेंबही फुकट जाता कामा नये!

त्यांचा मुलगा गॅरेजात मिस्त्री आहे, पण अप्पांच्या लेखी तो अजून शिकाऊच. आईचे गुडघे धरले, तिला चढ चालवेना, तेव्हा त्यानं मला टर्बो बसवायचं ठरवलं. टर्बो म्हणजे माझ्याच धुराच्या जोरावर गरगर फिरणारा पंखा. तो जास्तीची हवा माझ्या पोटात कोंबतो. अप्पांनी आठ दिवस विचार केला आणि "बघ बाबा, तुझ्या जबाबदारीवर," म्हणून किल्ली दिली.

मुलानं घाई केली नाही. मला पूर्ण खोललं, वाढलेला दाब सोसतील असे पिस्टन घातले, टर्बोच्या दांड्याला ऑइल पोचवणारी बारीक नळी जोडली. पहिल्याच फेरीत आई गाडीत बसून माथ्यावर आली.

"अगंबाई, पोचलोसुद्धा?" ती म्हणाली.

मुलगा अप्पांना म्हणाला, "एक लक्षात ठेवा. चढून आल्यावर दोन मिनिटं इंजिन चालू राहू द्या, मगच बंद करा. टर्बो लालबुंद तापलेला असतो. ऑइल फिरायचं थांबलं की जागच्या जागी जळतं."

"कळलं रे. मला नको शिकवूस."

सवय कुठली सुटायला! माथ्यावर किल्ली फिरतच राहिली. चार महिन्यांत निळा धूर निघाला, टर्बो अडकला आणि आई पुन्हा पायी चढू लागली. अप्पांनी शेजाऱ्यांसमोर मुलाला झापलं, "बावीस वर्षं सांभाळलेल्या इंजिनाचं वाटोळं केलंस! पुन्हा हात लावू नकोस."

मुलगा निघून गेला. मला सहसा कशाचं काही वाटत नाही, पण त्या दिवशी तोंड नसल्याचं वाईट वाटलं.

पंधरा दिवसांनी टर्बो काढून टाकायला अप्पांनी स्वतः पान्हा घेतला. नळी सोडवली, तिच्यात तार घातली. तार जाईना. आत ऑइल जळून कोळशासारखं घट्ट बसलं होतं. अप्पांनी नळी स्टुलावर ठेवली. मग त्यांनी मुलाला फोन लावला. शेजारी कुंपणापाशीच उभे होते, तरी अप्पांनी आवाज खाली केला नाही.

"तुझ्या कामात खोट नव्हती. टर्बो मी जाळला."

पलीकडून उत्तर आलं, "बाकी काही सोडवू नका. मी निघालोच."

तो आला. अप्पांनी पान्हा त्याच्या हाती दिला आणि स्वतः टॉर्च धरून उभे राहिले.

मित्रांनो, यंत्र बिघडलं तर आधी ते उघडून बघा, मग कुणाला काय बोलायचं ते बोला. आमच्याकडे उलटं झालं, आणि ते पंधरा दिवस आईच्या गुडघ्यांनी भोगले.