मालू की मंगला

दुपारी फोन खणखणला आणि मेधाचा डबा उघडायचा राहिला तो राहिलाच. आखातात, मनामा शहरातल्या भारतीय वकिलातीत व्हिसा-पासपोर्टच्या खिडकीवर ती बसायची. बोलावणं विमानतळावरून होतं. मालवणकडची एक बाई अडकली होती आणि संध्याकाळच्या मुंबईच्या विमानाने तिला परत पाठवणार होते.

गाडीत मेधाचा जीव थाऱ्यावर नव्हता. विमानतळाच्या, मुहर्रकच्या वाटेवर ही गर्दी! "गनीभाई, जल्दी!" म्हणून ती ड्रायव्हरवर खेकसली. तो बिचारा "यल्ला, यल्ला" करत नुसता हॉर्न बडवत होता.

भानगड साधीच होती. बाईच्या पासपोर्टवर नाव मालू, नवऱ्याने काढलेल्या व्हिसावर मंगला. विमानतळावरच्या अधिकाऱ्याच्या हिशेबी या दोन वेगळ्या बाया.

"आमच्यात लग्नात नवरा बायकोचं नाव बदलतो," मेधाने हिंदीत समजावलं. "ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहितो."

"तांदळात?" अधिकाऱ्याला हसू आलं. "ठीक आहे. नवरा बाहेर उभा आहे. तिचं आधीचं नाव त्याने सांगावं, मी सोडतो."

हात्तिच्या, एवढंच ना! मेधा जवळजवळ पळतच बाहेर गेली. अधिकारीही मागोमाग आला. हूऱ्यातल्या एका हॉटेलात स्वयंपाक करणारा शिवदास नवा शर्ट घालून दारापाशीच घुटमळत होता.

"शिवदास, बायकोचं नाव सांगा बघू."

"मंगला."

"ते तुम्ही ठेवलेलं हो! लग्नाआधीचं?"

शिवदास डोकं खाजवायला लागला. रजेवर गेला, लग्न उरकलं आणि पंधरवड्यात परत आला. बायकोचा पासपोर्ट काढला तो तिच्या भावाने. "बाई, घरात सगळी मंगलाच म्हनतत. आदीचा काय ता… ध्यानात नाय."

अरे कर्मा! लग्नपत्रिका तरी वाचायचीस! नाव मेधाच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण अधिकारी शेजारीच उभा. त्याने मान हलवली. "मफी फायदा, काही उपयोग नाही. परत पाठवा."

आत बाकावर बसलेल्या मालूला उघड्या दारातून सगळं ऐकू आलं होतं. ती ताडकन उठली, पिशवी खाली आपटली आणि शिपायाला बाजूला सारून थेट दारात आली.

"ध्यानात नाय? तुमच्या नावाचा कुकू लावतंय मी! नाव बदलल्यात, मी काय बोललंय? पण पयला नाव साप इसारल्यात? मालू! मालू माजा नाव! बापाशीन ठेवलेला!"

बोलता बोलता तिला रडू फुटलं, तरी तोंड थांबेना. शिवदास खाली मान घालून "होय गो, होय गो" करत राहिला.

"खलास, खलास!" अधिकारी दोन्ही हात वर करून हसायला लागला. "परकी बाई एवढं कशाला बोलेल? घेऊन जा हिला."

मेधाच्या जिवात जीव आला. परतताना तिला खरं तर हलकं वाटायला हवं होतं. पण कसलं काय! उम्म अल हस्सममधलं घर येईपर्यंत ती नुसती चुळबुळत होती.

घरी शिरीष पेपर वाचत बसला होता. चप्पल न काढताच तिने विचारलं, "अहो, माझं लग्नाआधीचं नाव काय होतं?"

"हे काय मध्येच?" तो हसला. मग पेपर खाली आला. त्याने तोंड उघडलं, मिटलं, पंख्याकडे पाहिलं.

मेधाने चप्पल काढून ठेवली.

"आठवलं की त्या नावाने हाक मारा," ती म्हणाली आणि कुकर लावायला आत गेली.