पाव तासाची नाडी

एकसष्ट साली दौंडच्या आमच्या मिशन दवाखान्यात डॉक्टर यकृतातल्या चरबीचा अभ्यास करत होते. वडगाव रासाईच्या हरिबानं दारू सोडून तीन महिने आमचं दूध नि हरभरे खाल्ले. चरबी उतरली का, हे पाहायला डॉक्टरांनी त्या सकाळी त्याच्या बरगड्यांमधून सुई घालून शेवईएवढा तुकडा काढला.

"दयाबाई, सहा तास उजव्या कुशीवर, लघवीही भांड्यातच. दर पाव तासाला नाडी. आत रक्त सुटलं तर आधी नाडीच सांगेल," असं मला बजावून ते तुकड्याची बाटली पुण्याच्या गाडीवर चढवायला स्टेशनात गेले.

अकराला ऐंशी. सव्वाअकराला, साडेअकराला, पावणेबाराला ऐंशीच. बाराला ब्याऐंशी.

बाराला मी प्रार्थनेला बसते. आई गेल्यापासून एकही दिवस चुकलेला नाही. शेजारच्या खोलीत गुडघे टेकले. दहाच मिनिटं.

परतले तर हरिबा कुशीवरच होता, पण कपाळावर घाम. नाडी एकशे चार.

"उठला होतात?"

"न्हाई, आक्का."

"खांदा दुखतोय?"

"उजवा... जरासा."

आत रक्त साचलं की उजवा खांदा दुखतो. वॉर्डबॉय इनुसला सायकलवर स्टेशनात पिटाळलं, पलंगाचा पायथा विटांवर चढवला. तेव्हा दिसलं, हरिबाच्या तळव्यांना अंगणातला मुरूम चिकटलेला.

"खरं सांगा, हरिबा."

"मोरीवर गेलतो. भांडं तुमच्याकडं कसं मागू? थोरल्या भैनीवानी तुम्ही."

"लाजेपायी जीव घालवता? बायकोला काय सांगू?"

"म्हणावं, दारूनं न्हाई मेला."

एकशे बारा. ओठांवर प्रार्थना आली, आकडा चुकेल म्हणून गिळली.

डॉक्टर धावत आले. पोट चाचपलं. "मऊ आहे, आत फार साचलं नाही. मोजत राहा." इनुस बाही वर करून दारात उभाच, रक्त लागलं तर द्यायला.

एकशे बारा. एकशे आठ. तीनला शहाण्णव. चारला चौऱ्याऐंशी.

डॉक्टरांनी नाडीचा कागद मागितला. देण्याआधी मी त्यावर लिहिलं, 'बारा ते बारा-दहा मी जागेवर नव्हते. रोगी उठून मोरीपर्यंत गेला.'

"अभ्यासाचे कागद आहेत, दयाबाई. हे पुण्यापर्यंत जाईल."

"जाऊ द्या, साहेब. घडलं ते असं."

त्यांनी पेन उघडलं. सही करून गेले.

मी पुन्हा मनगट धरलं. हरिबानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"आक्का."

"काय?"

"ते... भांडं द्या."